रविवारी विमानानं पोहे खायला

२ डिसेंबर २०१८, रविवार
वैमानिक म्हणून ही पहिली नोंद. लायसन्स येऊन महिना झाला. त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून काउंटरमागे लावली. भंडाऱ्यात ड्रायव्हिंग स्कूलं पुष्कळ आहेत. पण ज्याचा मालक विमानही चालवतो असं स्कूल एकच, अश्वजित रामटेकेचं.

आज भैय्याजींचा फोन. नागपूरच्या आमच्या फ्लाइंग क्लबातले सगळ्यात जुने पायलट, मला शिकवलं त्यांनीच. हिवाळाभर दर रविवारी त्यांचा ग्रुप तीन-चार विमानं घेऊन गोंदियाला पोहे-तर्री खायला जातो. म्हणाले, आता तुम्हीही या. मी म्हणालो, हे काय विचारणं झालं!

फोन ठेवला तेव्हा तळहात ओले होते. फोन गरम होत असावा.

संकल्प: येत्या रविवारी जाणे. भीतीचा प्रश्नच नाही.

९ डिसेंबर, रविवार
धुकं. नागपूरच्या वाटेवर मौद्यापर्यंत गाडी नेली आणि फिरवली. जबाबदार वैमानिक धुक्यात उडत नाही. भैय्याजी फोनवर म्हणाले, नागपुरात तर लख्ख ऊन पडून राहिलं. पडत असेल. मौद्याला धुकं होतं. निदान कोणीतरी शेकोटी पेटवली होती, तिचा धूर तरी होताच.

बायको, रत्नमाला, सरकारी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे घरातही सोडत नाही. बीपी मोजलं. जास्त निघालं. मशीन जुनं झालंय.

१६ डिसेंबर, रविवार
पक्षी. जिल्ह्यातल्या तलावांवर परदेशी पाहुणे उतरलेत असं पेपरात आलंय. एखादा पंख्यात आला तर काय होतं, याचे व्हिडिओ पाहिले. पाहायला नको होते. भैय्याजींना कळवलं की निसर्गप्रेमापोटी आज मी उडणार नाही. त्यांनी फोनच ठेवून दिला. भारावले असावेत.

दिवसभरात चारदा संडासला जाऊन आलो. विमानात बसलो नाही, तरी. कालची वांगी.

१९ डिसेंबर, बुधवार
माय आसगावहून एसटीनं आली, न कळवता. डोळ्यांना अंधुक दिसतं म्हणाली. डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्याचाही भरवसा नाही. दिसतंय तोवर दिसेल, म्हणाले.

बाहेर आल्यावर रत्नमालानं डोळे पुसले. माय रडली नाही. म्हणाली, "बाबू, आंधळी व्हाच्या पयले मले आपलं वावर वरतून पाहाचं आहे. तू विमानवाला झाला म्हणून साऱ्या गावाले सांगून आली मी."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

भैय्याजींशी ठरवलं: नागपूर, आसगाववरून वळसा, मग गोंदिया. ते माझ्या शेजारी बसतील. तशी मला गरज नाही, पण वडीलधाऱ्यांचं मन मोडू नये.

२२ डिसेंबर, शनिवार
तयारी उत्तम. हवेत इंजिन बंद पडलं तर काय करायचं, ते इतक्या वेळा वाचलं की आता ते बंद पडणारच असं वाटून राहिलं. सकाळी क्लच शिकवताना एका बाईंना म्हणालो, क्लच सोडताना मरणाचा विचार मनात आणू नका. सोमवारपासून त्या येणार नाहीत.

जेवण गेलं नाही. संध्याकाळी मनात आलं, मायला थोडासा ताप असता तर! तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. थंडगार. तिला वाटलं मी माया करून राहिलो. माझ्या हातावर हात ठेवून बसली.

२३ डिसेंबर, रविवार, दुपार
उडालो.

धावपट्टीवर वेग आल्यावर भैय्याजी म्हणाले, "आता उचला." मी उचलणारच होतो. त्यांनी आधी उचललं. जमीन खाली गेली. कानात फक्त माझाच श्वास.

पवनीच्या अलीकडे, वैनगंगेवर, विमान एकदा खाली बसलं. खड्ड्यात एसटी आदळते तसं, पण खड्ड्याला बूड नसावं असं. माझे दोन्ही हात हँडलला चिकटले. भैय्याजी म्हणाले, हात सोडा, अश्वजितभाऊ. ऐकू येत होतं. हात ऐकत नव्हते. विमान एका अंगावर कलायला लागलं. भैय्याजींचा आवाज चढला, तो मी आजवर चढलेला ऐकला नव्हता. तोंडात लोखंडाची चव आली. खालचं पाणी काचेत आलं. एवढंच मनात आलं, मागं माय बसली आहे आणि तिला मी मारणार.

तेवढ्यात मागून तिचा हात आला. माझं एकेक बोट तिनं सोडवलं. "सोड बाबू. त्याईले चालवू दे."

भैय्याजींनी विमान सरळ केलं.

मग आसगाव आलं. तलाव, तलावाखाली आमचं वावर, लागून गिरजाकाकूचं. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, या दोघी जावांनी कित्येक वर्षं बोलणं टाकलं आहे. मायनं काचेला नाक लावलं. "हा धुरा? येवढासा?" आणि हसत सुटली. गोंदियापर्यंत हेडफोनमध्ये मधूनमधून तिचं हसणं येत होतं. मी वळून पाहिलं नाही. वैमानिकानं समोर पाहायचं असतं.

गोंदियात धावपट्टीजवळच्या पोह्यांच्या टपरीवर सगळ्या ग्रुपनं टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. किंवा मायसाठी. पोहे गेले नाहीत.

२४ डिसेंबर, सोमवार
विचारांती निष्कर्ष: हवेचा दोष. हात चिकटणं म्हणजे पकड मजबूत असणं, तो खरं तर गुणच. रत्नमालाला हे समजावून सांगितलं. तिनं फक्त बीपीचं मशीन आणून पलंगावर ठेवलं.

माय गावी परतली.

२८ डिसेंबर, शुक्रवार
मायचा फोन. गावात पोचल्या पोचल्या ती गिरजाकाकूच्या घरी जाऊन चहा पिऊन आली म्हणे. आता येत्या इतवारी गिरजालेही वरतून धुरा दाखवाचा आहे. मी घसा साफ करून बोलायला गेलो. ती म्हणाली, तू राहू दे, भैय्याजीले सांगतलं मी. त्यांचा नंबर हिच्याकडे कुठून आला?

मागोमाग भैय्याजींचाच फोन. पुढं ते आणि ग्रुपमधली टीना, मागं दोघी जावा. चार सीटा भरल्या. माझ्यावर ग्रुपनं एकमतानं ग्राउंड ऑपरेशन सोपवलं आहे: गाडीनं पुढं जाऊन पोहे सांगून ठेवणे. मोठी जबाबदारी आहे. बऱ्याच जणांना ती पेलत नाही.

३० डिसेंबर, रविवार
पोहे वेळेत सांगितले. मग विमानं दिसायला लागली. मायचं कुठलं ते कळेना, म्हणून प्रत्येक विमान टेकेपर्यंत टपरीचं बाकडं धरून उभा राहिलो. टपरीवाल्या डोमानं न मागता पाणी आणून दिलं.

दोघी उतरल्या त्या भांडतच. काकूचं म्हणणं धुरा मायनं सरकवला, मायचं म्हणणं तिनं. हात मात्र एकमेकींचे घट्ट धरलेले. पोहे खाऊन झाल्यावर म्हणाल्या, आता गाडीनंच गावाला चल, विमानात आवाजापायी धड भांडता येत नाही.

साकोलीच्या पुढं गिरजाकाकूनं माझी सीट मागून गच्च पकडली. "बाबू, हळू चालव. मले भेव लागते."

मी म्हणालो, काकू, तुम्ही आत्ता विमानातून आल्या, तिथं नाही का भेव लागलं?

"तिथं भैय्याजी होते नं."

माय खिडकीबाहेर पाहत होती. मी गाडी चाळीसवर आणली आणि आसगावपर्यंत तशीच ठेवली.