दोन मिनिटांचा साक्षीदार

१४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण मीही कुरकुरतो, त्यामुळे आमचं जमतं. वहिनीची पाठ कशी आहे? घड्याळांचं दुकान आता पुतण्या बघतो असं कळलं. तरी तू रोज सकाळी जाऊन त्याच्या चुका काढत असशील, याची मला खात्री आहे.

तुझं पत्र मिळालं. फिल्म सोसायटीवाले माझा सत्कार करताहेत, आणि भाषणाला त्यांनी तुलाच बोलावलंय. माझ्या भूमिकांची यादीही ते छापताहेत. एक्काहत्तर भरल्या. त्यात अकरा इन्स्पेक्टर, नऊ डॉक्टर, चार वेळा मुलीचा बाप आणि एकदा प्रेत. प्रेताचं काम सगळ्यांत चांगलं झालं, असं माझ्या बायकोचं मत आहे.

भाषणाचा मसुदा पाठवलास तो वाचला. अक्षर अजून तसंच आहे तुझं. मजकूरही छान आहे, फक्त एक वाक्य... ते सांगतो नंतर.

यादीत सतराव्या नंबरावर तो खटल्याचा सिनेमा आहे. मी इन्स्पेक्टर, तू साक्षीदार. तू दुकान बंद ठेवून आला होतास. माझा प्रश्न, तुझं उत्तर, जेमतेम दोन मिनिटांचा प्रसंग. माझ्या चुकांनी तीन टेक वाया गेले. तू मात्र उत्तर देण्याआधी चष्मा काढलास, शर्टाच्या टोकाने पुसलास, पुन्हा घातलास आणि मग म्हणालास, "हाच होता." चष्मा पुसायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. लाइटवालेसुद्धा हातातलं काम सोडून पुढे आले. दिग्दर्शक मला म्हणाला, "यांना आधी का नाही आणलंत?" मी हसलो. खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखलं.

सिनेमा लांबला म्हणून तुझा प्रसंग कापला, असं मी तुला नंतर सांगितलं. तू म्हणालास, "चालायचंच, त्यात तुझा काय दोष?"

दोष माझाच आहे, दादा. मी डबिंगला गेलो होतो, संकलक शेजारच्या खोलीत बसला होता. त्याने सहज विचारलं, "हे साक्षीदार कोण हो? झकास काम केलंय." मी म्हणालो, "माझा भाऊ. पण आमचे चेहरे फारच सारखे आहेत. इन्स्पेक्टर स्वतःचीच जबानी घेतोय असं वाटेल, लोक हसतील." त्याने तेवढा तुकडा दोनदा मागेपुढे करून पाहिला आणि त्याला ते पटलं. दिग्दर्शकाला त्यानेच पटवलं, मी बाजूला उभा राहून मान डोलावली. निदान तुला आधी कळवायचं, तर तेही केलं नाही. तू आईला पहिल्याच खेळाला घेऊन आलास.

दिवे लागल्यावर आईने विचारलं, "अरे, तू पडद्यावर कधी आलास?" तिला वाईट वाटू नये म्हणून तू म्हणालास, "तुझा डोळा लागला होता, तेवढ्यात येऊन गेलो." मी मागच्या रांगेत होतो. सगळं ऐकलं.

पुढचं तुला माहीत नाही. शेवटच्या आजारपणात तिने मला एकट्याला विचारलं, "खरं सांग, तो होता का त्यात? मला झोप लागली नव्हती रे." मी म्हणालो, "होता की. तू चक्क घोरत होतीस." ती ओशाळली. पोराने एवढं काम केलं आणि आपण झोपलो, असं कितीतरी वेळ पुटपुटत राहिली. तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही.

आता ते वाक्य. तू लिहिलंयस, "धाकट्याने मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, त्याचे हे उपकार मी विसरणार नाही." तू ते सगळ्यांसमोर वाचणार आणि मी पहिल्या खुर्चीत बसून ऐकणार. आजवर पुष्कळ सोंगं वठवली, हे माझ्याच्याने होणार नाही.

आईची माफी मागायची वेळ मी घालवली. तुझी मागतो. तू ये किंवा येऊ नकोस. आलास तर हे सगळं लोकांना सांग, मी खाली मान घालून ऐकेन. पण उपकाराचं ते वाक्य खोड, दादा. माझ्यासाठी एवढं कर.

वहिनीलाही हे पत्र वाचून दाखव. मला सांभाळून घेऊ नकोस.

तुझा अपराधी,
धाकटा