शनिवारच्या दशम्या

माय, आज शनिवार हाय आणि मी दुधात पीठ मळून ठेवलंय. नांदेडला वरच्या मजल्यावर एक खोली घेतलीय, खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसतात, बाकी काही न्हाई. पीठ जरा मुरू द्यावं म्हणलं, तोवर तुला लिहून राहिले. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, त्यात मी गोष्टी लिहायला लागले. तुला वाचून दाखवल्या असत्या तर तू म्हणली असतीस, हे शेवट आधी अन् सुरुवात मागं कशाला करून ठेवलंय? माझ्या गोष्टी तशाच असतात, तोडलेल्या, मधीच थांबलेल्या. छापणारे म्हणतात, जरा सरळ लिहा की. त्यांच्यासाठी न्हाई जमत. आज तुझ्यासाठी सरळ लिहिते.

लातूरला आपल्या दोन खोल्या, त्यातली एक स्वयंपाकाची, आणि तीसुद्धा आपली कमी अन् डब्यांची जास्त. क्लासच्या गल्ल्यांत राहणारी पोरं, कुणी उदगीरकडचं, कुणी पार हिमायतनगरचं, सगळी शेतकऱ्यांची, सगळी डॉक्टर व्हायला आलेली. त्यांचे डबे तू करायचीस. बाप मला कळायला लागायच्या आधीच गेलेला, त्यामुळं घरात पुरुष म्हणजे भिंतीवरचा फोटो. पहाटे गॅस पेटवायच्या आधी तू पवित्र शास्त्र, आपलं बायबल, उघडतेस. चौथी शिकलेली तू, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचतेस. मला शाळेची घाई, मी चहा मागते. तू बोट न उचलता म्हणतेस, "आधी त्याचं, मग पोटाचं." मला राग यायचा. पोट माझं होतं.

आणि रविवारी तुझी चूल बंद. मेसच्या धंद्यात रविवारची दुपार म्हणजे सगळ्यात मोठी. पोरं आठवडाभर वरण-भात गिळतात ती त्या एका फिस्टच्या, कोंबडीच्या अन् गोडाच्या जेवणाच्या आशेवर. संध्याकाळी सगळेच सुट्टी घेतात, पण दुपार कुणी सोडत न्हाई. तू नेमकी तीच सोडायचीस, पांढरी साडी नेसून, मला ओढत चर्चला. आपली घरमालकीण काकू दारात तांदूळ निवडत बसलेली असायची. "तुझा देव लई कडक हाय बाई," ती म्हणायची. "आमच्या म्हसोबाला एकदा कोंबडं दावलं की वर्षभर काय म्हणत न्हाई. ह्यो तुझा दर आठवड्याला बोलावतो."

"बोलावत न्हाई हो, सुट्टी देतो," तू चप्पल घालता घालता म्हणायचीस. "तुमचा देतो का?"

"आमचा नवरा देत न्हाई, देव कुठला देतोय!" आणि दोघी गल्ली गाजेल एवढ्या हसायच्या. मला एकटीलाच हसू येत नसायचं.

मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते त्या उन्हाळ्यातली गोष्ट तुला आठवत असंल. ज्या क्लासच्या पोरांचे डबे तू भरायचीस त्याच क्लासला मला जायचं होतं, आणि त्याची फी आपल्या गल्लीतल्या डब्यांतून निघणारी नव्हती. तेवढ्यात पोरांच्या एका मोठ्या हॉस्टेलचे सर आले. सगळ्या हॉस्टेलचं जेवण तुला द्यायचं म्हणत होते. ते मिळालं असतं तर माझा क्लास पक्का होता. तुलाही ते माहीत होतं, मलाही. सर ओट्यावर बसून म्हणले, "मावशी, हात तुमचाच पायजे. पोरं तुमच्या आमटीचं नाव काढतात. पण सातबी दिवस बघा. रविवारी काय हवा खायची का पोरांनी?"

"शनवारी दोन दिसाचं देते की."

"अन् नासलं तर?"

"न्हाई नासत."

"फ्रीज घेतला का काय?"

"न्हाई. लिहिलंय," तू म्हणलीस.

"कुठं लिहिलंय?" सरांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं.

कुठं लिहिलंय ते मला पाठ होतं. रानात उपाशी फिरणारे लोक, आणि त्यांच्यासाठी सकाळी आभाळातून पडणारी भाकर. रोजच्यापुरती घ्यायची, हाव धरून उद्याला ठेवली की त्यात किडे. पण सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायची, कारण सातवा त्याचा, आणि त्या दिवशी ठेवलेली मात्र नासत न्हाई. तू ती गोष्ट अशी सांगायचीस जशी शेजारच्या गल्लीत घडली. एक आठवडा बघू म्हणून सर तयार झाले, आणि त्या शनिवारी तू दुप्पट तुरीचं वरण केलंस, दुप्पट बटाट्याची भाजी, दुप्पट भात. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लाववत नव्हता. मी म्हणलं, "माय, वरण उद्याच्या दुपारपर्यंत टिकतंय का?" तू झाकण लावत म्हणलीस, "सहाव्या दिवसाचं हाय ते." हे मी आजवर कुठल्या गोष्टीत घातलेलं न्हाई. घातलं तर लोकांना तू भोळी वाटशील. तू भोळी नव्हतीस. आमटीत मीठ जास्त झालं तर वासावर सांगणारी बाई तू. तुला वरण कधी नासतं हे माहीत होतं, आणि तरी तू लिहिलेल्यावर जास्त भरवसा टाकलास.

रविवारी चर्चहून आलो तर सर दारात, गाडीला डबे टांगलेले. त्यांनी ओरडा केला न्हाई, नुस्तं एक झाकण काढलं. "वास घ्या मावशी." वरणावर फेस आला होता. काकू दारात येऊन उभी, तिनंही वास घेतला आणि पदर नाकाला लावला. मला वाटलं जमीन फाटावी. तू डब्यात बघत राहिलीस, आणि मग, माय, तू हसलीस. सरांवर न्हाई, स्वतःवर. "रानातली भाकर त्यानं पाडली व्हती," तू म्हणलीस. "हे वरण तर मी केलतं. नासणारच की."

"मग आता? पोरं ताटं घेऊन बसलीत."

तू आत आलीस. शास्त्र फळीवर ठेवलंस. गॅसकडं बघितलंस. रविवारी त्या गॅसला तू कधी हात लावलेला मी बघितला नव्हता. तू तिथंच गुडघ्यावर बसलीस, थोडाच वेळ, उठलीस आणि पदर खोचलास. "पोरं उपाशी ठिवा असं त्यानं कुठं सांगितलंय? पण सुट्टी मी मोडतीय, तर भूकबी माझीच. आज माझ्या पोटात काही जाणार न्हाई. तू काकूकडं जा, तिथं जेव." आणि पिठलं-भाताला लागलीस. काकू तुझ्या शेजारी बसून कांदे चिरायला लागली. तिच्या घरात कोंबडी शिजत होती, तो वास आपल्या खोलीपर्यंत येत होता, आणि तू उपाशी पोटी दुसऱ्यांच्या पोरांचा भात वाढत होतीस.

सर खूश झाले. डबे बांधताना म्हणले, "झालं ते झालं मावशी. दर रविवारी असंच गरम द्या, हॉस्टेल तुमचं."

"पुढल्या रविवारी न्हाई," तू म्हणलीस.

"आज केलं की!"

"आज चुकी माझी व्हती अन् भूक पोरांची. पुढल्या रविवारी फकस्त माझा धंदा आसंल."

सर गेले आणि हॉस्टेलही गेलं. मी तुला नको नको ते बोलले. तुझ्या देवाला माझा क्लास दिसत न्हाई का, म्हणलं. तू परात घासत होतीस. मान वर न करता म्हणलीस, "दिसतो. मलाबी दिसतो." एवढंच. मला तेव्हा उत्तर पाहिजे होतं, ते एवढंसं मिळालं. आता मी एवढंसं लिहायला शिकून राहिले, आणि अजून जमत न्हाई.

पुढच्या शनिवारी तू दशम्या केल्यास. दुधात मळलेल्या, पाण्याचा थेंब न्हाई, सोबत शेंगाची चटणी. टिकणारं करायचं, एवढाच बदल तू केलास. रविवार तिथंच ठेवलास, वरण हलवलंस. आपल्या गल्लीतल्या पोरांना शनिवारच्या डब्याबरोबर त्या पुडक्यात बांधून दिल्यास. आणि मग एका शनिवारी त्या हॉस्टेलची पोरंच दारात. त्यांना तिथं रविवारी चिकन होतं, तरी आली. एकजण म्हणला, "मावशी, आमची आई एसटीत बसवताना ह्याच देती. चार दिवस पुरवून खातो आम्ही." दुसरा म्हणला, "ह्यो तर दोन दिवसांतच संपवतो अन् माझ्या मागतो." तू त्याला एक जास्तीची दिलीस. त्या दशम्यांनी माझा क्लास निघाला न्हाई, खोटं कशाला सांगू. पण घर चाललं, मी नांदेडला येऊन कला शाखेत शिकले, आणि लातूरच्या त्या सगळ्या होणाऱ्या डॉक्टरांमधून आपल्याकडं एक गोष्टी लिहिणारी निघाली. तुझ्या रविवारचं पीक ते. काही दिवस ते मला बरं वाटतं, काही दिवस न्हाई. पण बरं वाटणारे दिवस वाढून राहिलेत.

उद्या रविवार, माझाही गॅस बंद असतो. चर्चला मी दर वेळी जात न्हाई, गेले तर मागं बसते. पण सकाळी शास्त्र उघडते, चहाच्या आधी, आणि ओळीखाली बोट धरते. मला गरज न्हाई बोटाची, तरी धरते. बोट असलं की घाई होत न्हाई. खालच्या मजल्यावरची पोरगी विचारते, ताई, रविवारी तुम्ही शिळं का खाता? मी तिला दशमी देते. खाऊन झाल्यावर ती परत विचारत न्हाई.

पीठ आता झालं असंल. उठायला पाहिजे. हे पत्र कुठं जाणार न्हाई म्हणून एक सांगते. त्या रविवारी तू संध्याकाळी मला विचारलंस, काय केलतं काकूनं? मी म्हणले, कोंबडीचं, लई तिखट होतं. काकूला सांगितलं होतं, माझं घरीच पिठलं-भातावर झालंय. माय, मी गच्चीच्या पायरीवर बसून होते, ऊन उतरेपर्यंत. तुझ्यावर चिडलेली होते, आणि जेवले नव्हते. भूक नव्हती असं न्हाई. लई लागली होती.