गप्पूची ताई

४ जानेवारी, रविवार

सुमेधचं पुस्तक आलं, कुरिअरनं. माझा धाकटा भाऊ. पुण्यात असतो, लहान पोरांच्या पुस्तकांत चित्रं काढतो. हे मात्र पूर्ण त्याचंच, गोष्ट पण आणि चित्रं पण. 'गायब गप्पू'. पहिल्या पानावर छापलंय: माझ्या ताईला, जी मला शोधून शोधून दमली.

गप्पू नावाचा पोरगा. कामाचं नाव निघालं की गायब. कधी गोधड्यांच्या चळतीत, कधी पाण्याच्या ड्रममागं. आई हसते. सगळी कामं उरकली की गप्पू बाहेर येतो, आई त्याला लाडू देते. संपलं.

आणि एक ताई. प्रत्येक पानावर. नाक ढोबळ्या मिरचीएवढं, केस खराट्यासारखे, हातात लाटणं. 'गप्प्याऽऽ!' एवढंच बोलते बिचारी.

साक्षी आणि अंश लोळून हसले. "मम्मी, ही तू!" माझा नवरा विलास हसला. मी पण हसले. कशाला हसले मी?

५ जानेवारी

कंपनीत दिवसभर डोक्यात तेच. खोक्यांना टेप वाकडी लागत होती, सुपरवायझर दोनदा बोलला.

ड्रमचं पान. ताई दोन हंडे घेऊन धावतेय, पाय घसरलाय, वह्या पाण्यात तरंगतायत, मागं टँकर हॉर्न वाजवतोय. ड्रममागून गप्पूचे नुसते डोळे. पोरांना सगळ्यात जास्त हसू त्याच पानाचं.

तो दिवस मला माहीत आहे. करमाडचं घर. माझी बारावी सायन्स. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, कॉलेज शहरात. पप्पा वारले होते, माय हरभरा उपटायला गेलेली. सकाळीच टँकर आला. भरलं नाही तर पुढचा कधी येईल याचा भरवसा नाही. सुमेधला हाका मारल्या. दारात, गल्लीत, विहारापाशी. नाही आला. एकटीनं भरलं. बस गेली. पुढच्या बसनं पोचले तर सरांनी दारातूनच परत लावलं.

प्रॅक्टिकलला गैरहजर, म्हणून नापास. सायन्स तिथंच संपलं. नर्सिंगला जायचं होतं मला.

आणि त्यानं त्याचं पान केलं. रंगीत.

८ जानेवारी

मायचा फोन. पुस्तकाचा कार्यक्रम आहे इथंच, शहरात.

"तुला बी स्टेजवर बसायचं हाय म्हणं. चांगली साडी नेस."

"मी येणार नाही."

"का गं सुजे? भावाचं चांगलं झालेलं बघवंना का तुला?"

फोन ठेवला. तव्यावरची पोळी काळी झाली. तशीच डब्यात टाकली.

११ जानेवारी, रविवार

अंशला म्हणलं, कचऱ्याची बादली खाली रिकामी करून ये. उत्तर नाही. सगळं घर पालथं घातलं. दिवाणाखालून हसण्याचा आवाज. "मी गायब अंश!"

विलास पेपरमागून, "मामावर गेलंय पोरगं." खी खी खी.

मी वळले तर साक्षी बादली घेऊन जिन्यापाशी पोचलेली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. उद्या विज्ञानाची चाचणी आहे, पुस्तक काखेत तसंच.

मग मात्र माझा तोल गेला. तिच्या हातातली बादली हिसकावली. कचरा जिन्यात सांडला. अंशला पाय धरून बाहेर ओढलं. तो रडायला लागला. विलासला म्हणलं, तू ऊठ आणि भर तो कचरा.

"एवढं काय झालं?"

एवढंच. माझ्या वेळी पण एवढंच झालं होतं.

भरला त्यानं शेवटी. तोंड फुगवून. साक्षी घाबरून म्हणाली, "मम्मी, मला काही जड नव्हतं." तेच तर.

१७ जानेवारी, शनिवार

सुमेध आला. माझी समजूत काढायला, मायनं पाठवलेला. चहा दिला, पुस्तक उघडून समोर ठेवलं.

"हा कोणता दिवस आहे, सांग."

"टँकरचा! ताई, तुझा काय अवतार झाला होता त्या दिवशी..."

"माझं प्रॅक्टिकल होतं."

चहाचा एक घोट घेतला, म्हणाला, "मला काय माहीत? मी सहावीत होतो."

"हाका मारताना मी काय म्हणत होते? सुम्या बाहेर ये, माझं प्रॅक्टिकल आहे. हेच ना?"

कप खाली ठेवला. पुस्तक मिटलं. "ऐकू येत होतं," म्हणाला. "मला वाटलं तू करशीलच. तू करायचीस नेहमी."

खोटं बोलला असता तर परवडलं असतं. आता या खऱ्याचं मी काय करू?

जाताना म्हणाला, ये कार्यक्रमाला. जे बोलायचं ते तिथं बोल, मी अडवणार नाही. नाही म्हणलं. कप त्यानं स्वतः विसळून ठेवला, हे पण लिहून ठेवते. नळ अर्धवट चालू ठेवून गेला.

२५ जानेवारी, रविवार

गेले. साक्षीला जायचं होतं म्हणून.

वाचनालयाचा हॉल. पोरं पुढं सतरंजीवर, आईबाप मागं खुर्च्यांवर. माय पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, लई खूश. सुमेधनं पुस्तक वाचून दाखवलं. ड्रमचं पान आलं तसा आवाज जरा खाली आला त्याचा. पोरं हसायची ती हसलीच.

मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाई, "आणि आता भेटूया खऱ्याखुऱ्या ताईला! लाटणं आणलंय का ताई?" हॉल हसला.

माइक हातात आला. काही ठरवलेलं नव्हतं. म्हणलं, "पुस्तकात ताई जिथं घसरते ना, त्या दिवशी माझं बारावीचं प्रॅक्टिकल बुडालं. मला नर्स व्हायचं होतं. आता मी कंपनीत खोकी चिकटवते."

आणि लोक हसले! टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी पण विनोदच करतेय.

"हसू नका," म्हणलं. आवाज फाटला. तेव्हा कुठं शांत झाले. बाई घाईघाईनं पुढं आल्या. "किती भावपूर्ण मनोगत!" भावपूर्ण म्हणे. रागानं मी माइक त्यांच्या हातात कोंबला.

सुमेध उठला. "ताई खरं सांगतेय. मी ड्रममागंच होतो." एवढंच बोलून बसला. नंतर सह्या दिल्या. त्याच्यापुढं रांग लागली होती, कोणी माझ्याकडं बघत नव्हतं.

रिक्षात माय रस्त्याकडं तोंड करून बसली. उतरताना म्हणाली, "भर सभेत नाक कापलंस माझं."

माझं म्हणाली. त्याचं नाही.

२९ जानेवारी

सुमेधचा फोन. पुढच्या आवृत्तीत ते पान काढतो म्हणाला. नाहीतर बदलतो. नाहीतर ताईच्या बाजूनं एक वेगळंच पुस्तक करतो.

"माझ्यावर आता आणखी काही काढू नकोस."

"मग मी काय करू, ताई? तू सांग."

म्हणजे हे पण काम माझ्याकडंच. त्यानं काय करायचं ते मीच शोधून द्यायचं. फोन कट केला.

घरात विलास भांडी घासतो आहे सोमवारपासून. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढी आपटतो. आपट म्हणावं.

१ फेब्रुवारी, रविवार

माय आली. एकटीच, करमाडहून बसनं. न सांगता. विलास ड्यूटीवर, पोरं खाली खेळायला. मी मेथी निवडत होते, समोर येऊन बसली.

"तुझा राग सुमेधवर नाय," म्हणाली. "माझ्यावर हाय. व्हय का नाय?"

मी पुढची जुडी सोडली.

"मला ठावं होतं तो कुठं लपतो ते. मी काय आंधळी व्हते का? मीच म्हणायची, खेळू दे, बापाविना लेकरू हाय."

"आणि मी?"

"तू बी." माझ्या पुढ्यातली एक काडी उचलली. "तू बी बापाविनाच व्हतीस."

मग तिनंच सांगितलं. आदल्या रात्री मी तिला म्हणलं होतं, उद्या प्रॅक्टिकल आहे, उद्या राहा घरी. ती व्हय म्हणाली होती. सकाळी बायका हाक मारायला आल्या, तशी निघून गेली. हे मी विसरलेच होते. का विसरले? सुमेधला मारलेल्या हाका तेवढ्या लक्षात ठेवल्या.

"तिथं माइकवर बोललीस," म्हणाली. "हितं बोल की. मी ऐकते."

रडत नव्हती. भांडायला पण आली नव्हती. नुसती बसून राहिली. किती वर्षं वाटत होतं, हिनं एकदा विचारावं. आता विचारलं तर माझ्या तोंडातून शब्द निघेना. नुसती मेथी निवडत राहिले, चांगली पानं पण देठांत टाकली.

"मी आज ऱ्हाते," म्हणाली आणि गॅलरीत जाऊन बसली.

अजून तिथंच आहे. मी आत हे लिहितेय. राग कमी झालेला नाही. आहे तेवढाच आहे, फक्त आता तो कोणाकडं घेऊन जायचा ते कळलंय. पण सुरुवात कुठून करू, त्या दिवसापासून की त्याच्या आधी, मी सातवीत असताना पहिल्यांदा तिनं माझ्या हातात हंडा दिला, तिथपासून? हंड्यापासूनच करते.