मधली पट्टी आणि पलीकडचं फाटक

सोमवार, २ मार्च

खिडकीतून लांब बघताना मधली उभी पट्टी आड का येत नाही? अनुभव रोजचा, विचारत कुणीच नाही! कारण फार सुंदर आहे. आपल्या दोन डोळ्यांत साठ मिलिमीटरांहून थोडं अधिक अंतर असतं. पट्टी त्याहून अरुंद असली, की लांबचं जे एका डोळ्यापासून लपतं ते दुसऱ्याला दिसतं. मेंदू दोन्ही दृश्यं जोडून टाकतो. म्हणून आमच्या वास्तुरचना कार्यालयाकडे आलेल्या एका दंतवैद्यांच्या घराच्या नूतनीकरणात मी खिडकीसाठी पन्नास मिलिमीटरांची पट्टी रेखाटली. आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधल्या तयार यादीतली नव्हे — माझी स्वतःची! कडा किंचित गोल, काच बसायला खाच. खाचेलाच दीड तास गेला. आनंदाचा.

मंगळवार, ३ मार्च

सुतारानं दंतवैद्यांच्या आईंच्या खोलीत लाकडी नमुना बसवला. लगेच आईंचा फोन.

"फाटक दिसत नाही हो! नात शाळेतून आली की तिथूनच हात करते. तुमच्या दांड्यानं पोरगी गिळली!"

दोन डोळ्यांचा सिद्धांत पंचवीस मिनिटं समजावला. उदाहरणांसह.

"छान सांगता," त्या म्हणाल्या. "पण दिसत नाही."

बुधवार, ४ मार्च

पट्टी चाळीसवर आणली. मात्र घाईत त्या एका खिडकीऐवजी, सगळ्या खिडक्या ज्यावरून बनतात तो सॉफ्टवेअरमधला मूळ प्रकारच बदलला — आणि सॉफ्टवेअरनं आज्ञाधारकपणे एकोणीसही खिडक्यांना, न्हाणीघराच्या झरोक्याला आणि कुत्र्याच्या घराला मधोमध पट्टी बहाल केली! कुत्र्याला आत शिरायला वाट उरली नाही.

आमच्या कार्यालयाच्या मालकीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "कुत्र्याला विचारलंस का, फाटक दिसतं का?"

गुरुवार, ५ मार्च

चाळीसचा नमुना. दिसत नाही. पट्टी चार बोटं डावीकडे सरकवली — दिसलं! आईंनी उन्हासाठी खुर्ची हलवली — गेलं. उजवीकडे सरकवली. खुर्ची पुन्हा हलली.

सुतार म्हणाला, "साहेब, खिडकीलाच चाकं लावू का?"

नोंद प्रामाणिक असावी: संध्याकाळी मी रुळावरून सरकणारी पट्टी खरोखरच रेखाटली. काचेला आधार उरला नाही. सातवी आवृत्ती बाद.

दंतवैद्य मात्र कंटाळले आहेत. "उद्या चौकटी कापायला जाणार, बस्स. आईचं वय झालं, काहीतरी खूळ असतंच डोक्यात. तिला मागची खोली देऊ. समोर नुसती भिंत आहे, तक्रारच नको!"

आई तिथंच बसल्या होत्या. "मला वेड लागलेलं नाही रे," म्हणाल्या. एवढंच.

शुक्रवार, ६ मार्च, सकाळ

झोप नीट लागली नाही. पायरी पायरीनं तपासू. पट्टी अरुंद आहे — मोजली. खुर्चीत मी स्वतः बसून पाहिलं — फाटक लख्ख दिसतं. आई खोटं बोलत नाहीत. नातीचं हात करणं कुणी उगाच नाकारत नाही. मग माझ्या गणितातला कोणता आकडा मी न मोजताच गृहीत धरला?

दोन.

चौकटी कापणाऱ्याला फोन करून थांबवलं. दंतवैद्य तापले. तापू देत!

शुक्रवार, दुपार

चाचणी अगदी सोपी. लांबच्या एका वस्तूकडे बघायचं. तळहातानं आधी डावा डोळा झाकायचा, मग उजवा. मी केली. सुतारानं केली. दंतवैद्यांनी कुरकुरत केली. मग आई.

डावा झाकला. "हा बघा, इथंच आहे तुमचा दांडा!"

उजवा झाकला. बाहेर रणरणतं ऊन.

"दिवा कुणी घालवला?" त्यांनी विचारलं.