गेरूच्या पट्ट्याचा माग

सोमवार, ता. ९ जानेवारी १९३३. सोलापूर.

सुटी संपली. ट्रेनिंगच्या वर्गात अठरा बाया, पुढल्या साली खेड्यांतल्या मुलींच्या शाळांवर मास्तरणी म्हणून जायच्या. मधल्या सुटीत थोरल्या बाईंनी (आमच्या मुख्याध्यापिका) बोलावलं. हातात वरून आलेला कागद. भूगोलातला माझा माती-दगड-पाण्याचा तास पुढल्या वर्षापासून बंद करावा, त्या जागी भरतकाम ठेवावं, अशी सूचना. स्त्रियांना अधिक उपयुक्त म्हणे. थोरल्या बाई म्हणाल्या, "मार्चात इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येतील. तोवर शिकवा. मग बघू."

बाई मनानं चांगल्या आहेत. पण त्यांचं "मग बघू" मी सात वर्षं ऐकते आहे.

संध्याकाळी भाकऱ्या जोरजोरानं थापत होते. आई म्हणाली, "त्या पिठानं काय केलंय तुझं?"

गुरुवार, ता. १२.

टेबलावर पाच दगड मांडले. दादांच्या पेटीतले. दादा, माझे वडील, तलावांच्या कामावर ओव्हरसियर होते. लहानपणी मला सोबत न्यायचे आणि दगड ओळखायला लावायचे. मी लग्नानंतर वर्षाच्या आत परत माहेरी आले, कपाळ पुसून, तेव्हा त्यांनी ही पेटीच माझ्यापुढे ठेवली होती. असो.

बारीक भोकांचा, भोकांत पांढरे खडे भरलेला दगड उचलून विचारलं, हा कोणता? दगड बाकाबाकांवरून फिरला. मग मागच्या बाकावरून सुंदरा: "ह्याला आमी मांजऱ्या म्हणतो की." आणि लगेच पदर तोंडावर.

सुंदरा वैरागच्या अलीकडच्या गावची. धनगराघरची, चोवीसेक वर्षांची. नवरा गेल्यावर भावानं हट्टानं शिकवली. म्हटलं, तोंड झाकू नको, पुढं ये. आली. एकेक दगड हातात घेऊन सांगत गेली. काळा, मांजऱ्या, मुरूम, चुनखड, गेरू. कुठल्यावर गवत आधी वाळतं, कुठल्यावर उन्हाळ्यातही हिरवं राहतं. "तुला कोणी शिकवलं गं?" "मेंढ्यांनी, बाई."

वर्ग हसला, तीही हसली. फळ्यावरच्या इंग्रजी नावांशेजारी तिची नावं लिहिली. तास संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही.

शनिवार, ता. २१.

सगळ्यांना घेऊन गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीवर. उन्हात चालून बाया दमल्या, पण खाणीचा कापलेला उभा कडा पाहिल्यावर दम विसरल्या. वर काळा दगड, मध्ये वीतभर तांबडा गेरूचा पट्टा, त्याखाली मांजऱ्या. पट्ट्याच्या बरोबर वर ओल. सांगितलं: इथे एके काळी पेटलेला दगडाचा रस वाहिला, थिजला, त्यावर माती झाली, पुन्हा रस आला, माती भाजून तांबडी झाली. ती चिकण आहे. वरून भेगांतून उतरणारं पाणी तिच्यावर अडतं.

नरसव्वा (भवानी पेठेतल्या विणकराची, घरी तेलुगू) पुढं झाली, पट्ट्यावर बोट फिरवलं. "एर्र मन्नु, तांबडी माती! बाई, आमच्या आडात हेच. याच्यावरनंच पाणी टपकते." तिची आई त्या ओळीला देवाची रेघ म्हणते.

तीन भाषांत एकच गोष्ट. घरी येईपर्यंत त्याच आनंदात होते. आईसाठी गेरूचा खडा आणला, तुळशीपुढे रांगोळीला होईल म्हणून. आई खूश. दगड घरात आणल्याबद्दल प्रथमच बोलणी खाल्ली नाहीत.

रविवार, ता. ५ फेब्रुवारी.

सुंदराच्या भावाचं पत्र. गावची विहीर आटली. बाया दीड कोसावरून पाणी आणतात. नवी विहीर खणायची आहे, पण कुठे यावर तंटा. गावचा पाणाड्या नाना तळहातावर नारळ धरून फिरतो; तो जिथं उभा राहील तिथं पाणी म्हणतो. त्याच्या दोन विहिरी कोरड्या गेल्या. सुंदरा पत्र वाचून दाखवता दाखवता थांबली. "बाई, तुमी या की एकदा."

मी? खाणीत बोट दाखवून सांगणं वेगळं...

थोरल्या बाई म्हणाल्या, "जा. पण शाळेचं नाव जपून."

रविवार, ता. १२.

सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं सुंदरा न् मी तिच्या गावी. ओढा गावाच्या पश्चिमेला. त्याच्या दरडीत गेरूचा पट्टा लख्ख दिसतो, वर ओलं गवत. मनात म्हटलं, झालं तर. हा पट्टा असाच सपाट गावाखालून जात असणार. घरं पूर्वेला. घरांजवळ विहीर झाली तर बायांचे पाय वाचतील. हिशेब केला, पूर्वेच्या माळावर खुंटी ठोकली. "तीस हातांवर पाणी."

पाटील वयस्क, मिशा पांढऱ्या, डोळे मिस्कील. "आन् न्हाय लागलं तर, बाई?"

"तर येऊन का लागलं नाही ते सांगेन."

"हे बरं हाय. नाना तर त्या दिसापुरता गावच सोडतो." नाना तिथंच बसला होता, तोही हसला.

परतताना मोटारीत सुंदरा म्हणाली, गावात पहिल्यांदाच कुणी बाईमाणसानं खुंटी ठोकली. मी मान ताठ करून बसले होते. आता लिहिताना जरा लाज वाटते आहे.

बुधवार, ता. १ मार्च.

काम सुरू. वडार मंडळी सुरुंग लावताहेत, गावचे लोक माती उचलताहेत. सुंदराच्या भावाचं कार्ड: नऊ हात झाले.

बुधवार, ता. १५.

इन्स्पेक्टरसाहेब आले. माझ्याच तासाला बसले, मागच्या बाकावर, पगडी मांडीवर ठेवून. माणूस सौम्य आहे, खोडसाळ नाही. वर्ग झाल्यावर त्यांनी बायांनाच विचारलं: "उद्या दुसरीच्या मुलींना हे दगड शिकवून त्यांचं काय भलं होणार?"

मी तोंड उघडणार तोच सुंदरा उभी राहिली.  "साहेब, पाणी आणायला पोरीच जातात. जिनं जल्मभर घागर वाहायची, तिनं पाणी कुटून येतं ते इचारू नये व्हय? आमी अठरा जणी अठरा गावांला जाणार. प्रत्येक गावात एक तरी विहीर खणायची असतीच की. तवा एकीला तरी ठावं असावं."

साहेबांनी पगडी बाकावर ठेवली. मग विचारलं, "भरतकाम येतं का?" "येतंय. ते आईनं शिकवलं. ह्ये आईला येत न्हाय."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. जाताना मला नमस्कार केला. थोरल्या बाईंनी डोळ्यांनीच शाबासकी दिली. तरंगत घरी आले.

दारात कार्ड पडलेलं. पस्तीस हात. खडखडीत काळा दगड. थेंब नाही.

गुरुवार, ता. १६.

सुंदराला सांगितलं. रडली नाही, पण दिवसभर वहीत मान घालून बसली. काल तिनं साहेबांपुढे... आणि मी तिला चुकीचं शिकवलं.

दादांची टिपणवही काढून पुन्हा वाचली. एका पानावर त्यांच्या अक्षरात: "थर सपाट असेल असे धरून चालू नये. मोजावे." हे पान मी शंभरदा वाचलेलं आहे.

रविवार, ता. १९.

सांगितल्याप्रमाणे गेले. न जाण्याची सबब तयार होती, सर्दी. पण गेले.

विहिरीत उतरले. बायका नको नको म्हणत होत्या. कासोटा घट्ट केला आणि दोराला धरून उतरले. चारी बाजूंनी काळा कातळ, भेगसुद्धा नाही. वर आकाशाचा चौकोन, त्याच्या कडेनं गावचे चेहरे. वर आल्यावर चावडीपुढे सगळ्यांसमोर सांगितलं: मी चुकले. पट्टा सपाट आहे असं धरलं, मोजलं नाही. तुमचे इतके दिवस फुकट घालवले.

 मग नानाच म्हणाला, "बाई, माझ्या दोन, तुमची एक. बसा, च्या घ्या."

हशा झाला. पाटील म्हणाले, गावात आजवर पुष्कळ जण आले, चुकलो म्हणून सांगायला पहिलं माणूस आलं. चहा गुळाचा होता. इतका गोड चहा मी कधी प्याले नाही.

निघताना सुंदराची आई जवळ आली. ऐकत उभी होती मघापासून. "बाई, तसली तांबडी रेघ टेकडीपल्याड बी हाय. मेंढ्या पाजायला नेतो तितं. पार खाली, घळीत. तितं बी गवत हिरवं." टेकडी पूर्वेला! आणि पट्टा पार खाली!

मग पट्टा पूर्वेकडे उतरतो आहे. म्हणजे माझ्या विहिरीखाली तो कितीतरी खोल असणार. मोटार चुकणार होती, तरी तिला दोनदा विचारून घेतलं.

रविवार, ता. ९ एप्रिल.

लिहायला तीन आठवडे वेळ नाही मिळाला. सुटीत सहा जणी आणि मी, तीन दिवस गावी, सुंदराच्या घरी मुक्काम. मुलांच्या शाळेतून लांब रबरी नळी मागून आणली, दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या. पाणी भरायचं, टोकं दोन बांबूंना बांधायची. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते, त्यावरून जमिनीचा चढउतार कळतो. ओढ्यापासून टेकडीपल्याडच्या घळीपर्यंत अशा बांबूंनी चालत गेलो. पहिल्या दिवशी लोक कुंपणांवर बसून मजा बघत होते. दुसऱ्या दिवशी बायका बांबू धरायला आल्या. नरसव्वा हिशेब लिहीत होती, तेलुगू आकड्यांत, कारण घाईत तिला तेच सुचतात. सुंदराच्या आईनं घळीतल्या पट्ट्यावर हात ठेवून "हितं" म्हटलं तेव्हा तिला सांगितलं, आता तुम्ही आमच्या वर्गातल्या एकोणिसाव्या.

ओढ्यापासून घळीपर्यंत पट्टा चाळीस हात उतरला आहे. फसलेली विहीर पन्नाससाठ हात न्यावी लागेल. ओढ्याच्या अलीकडे, जुन्या चिंचेपाशी खणलं तर वीसेक हातांवर.

गावसभेत दोन्ही वाटा सांगितल्या. खात्री देत नाही हेही. पाटील म्हणाले, चिंचेपाशी. नानानं उठून तिथं नारळ धरून पाहिला. "हितं माझा बी उभा राहतो." मी म्हटलं, मग तर बरंच झालं. खरंच बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, ता. २ मे.

वर्षाचा वर्ग संपला. बाया आपापल्या गावी. निरोपाला प्रत्येकीला दादांच्या पेटीतला एकेक दगड दिला. पेटी निम्मी रिकामी. वाईट वाटेल वाटलं होतं, वाटलं नाही. सुंदराची नेमणूक अक्कलकोटकडच्या शाळेवर. तिथं मुली घरी कानडी बोलतात. घाबरली आहे. म्हटलं, मातीचे शब्द आधी विचार, बाकीची भाषा मागून येईल.

तासाबद्दल वरून अजून काही नाही.

मंगळवार, ता. २३ मे.

सुंदराचं पत्र अक्कलकोटकडून. शाळेची जागा बघायला, ओळख करून घ्यायला गेली होती. पोरींना विचारून तीन ओळी भरून कानडी शब्द लिहिले आहेत. मातीला मण्णु, दगडाला कल्लु, पाण्याला नीरु. एका म्हातारीनं तांबडी माती दाखवायला तिला दोन शेतं पलीकडे नेलं. आईला पत्र वाचून दाखवलं. आई म्हणाली, "तुझ्यासारखीच झाली ती. वेडी." आणि पत्र जपून ठेवायला सांगितलं.

रविवार, ता. ११ जून.

गावी जाऊन आले. चिंचेपाशी सतरा हात झाले आहेत. वडारांच्या पायांना तांबडी धूळ. त्यांच्यातली हणमव्वा खालून मूठभर माती घेऊन वर आली, सगळ्यांदेखत मूठ दाबली. हात ओला. घाम का पाणी, यावर वाद. पाटील म्हणाले, आणखी चार हात जाऊ द्या, मग बोलू. 

थोरल्या बाईंना विचारून झालं. तासाबद्दल निर्णयाचा कागद अजून आलेला नाही. सोमवारी साहेबांकडे स्वतः जाऊन विचारणार म्हणाल्या; इतक्या वर्षांत "मग बघू" म्हणाल्या नाहीत असं पहिल्यांदाच.

निघायच्या आधी चिंचेखाली बसले होते. गावच्या सात-आठ बायका खड्ड्याच्या काठाशी उभ्या राहून तावातावानं भांडत होत्या. वाटलं, पाणी भरायच्या पाळीवरून असेल. कान दिला. धुण्याचा दगड कुठे मांडायचा यावरून भांडण. एक म्हणत होती, सावलीत, चिंचेखाली. सुंदराची आई कमरेवर हात ठेवून, "येडी हाईस का? ती चिंच ओढ्याकडं, तांबड्या रेघेचं वरचं अंग. साबणाचं पाणी मुरून परत हिरीत येतंय. धुणं खाली, घरांच्या अंगाला." दुसरीनं विचारलं, कशावरून? तर तिनं वाकून बोटानं मातीत रेघ ओढली, ओढ्याकडून घरांकडे, आणि तिरपी ओढली.

मला कुणी काही विचारलं नाही. मोटारीची वेळ झाली होती. मी उठले तेव्हा त्या अजून भांडतच होत्या.