फोरमनच्या खिशातलं मीठ

प्रिय छोट्या,

माझं कॅन्टीन धोक्यात आहे आणि मला तुझी जीभ हवी आहे. हसू नकोस. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून थोडे दिवस रजा काढ आणि निघून ये. ब्लडप्रेशर तपासून घे म्हणून पुन्हा मागे लागणार नाही; मागच्या वेळी त्यावरून तू फोन आपटलास, ते लक्षात आहे माझ्या. हे काम वेगळं आहे. खाली बसून वाच, नाहीतर उभ्या उभ्या वाचशील आणि कढईत काहीतरी करपवशील.

झालं असं, की कारखान्यात सगळ्यांचं प्रेशर तपासायचं ठरलं आणि मोठी जागा म्हणून नर्सबाईंनी आमच्या कॅन्टीनमध्येच टेबल मांडलं. मी एकेकाची थट्टा करत होते. फोरमनचं तर भविष्यच सांगून टाकलं, कारण साधा पाना सापडला नाही तरी तो छप्पर डोक्यावर घेतो. त्याचं निघालं अगदी नॉर्मल. मग सगळ्यांनी मिळून मलाच खुर्चीत बसवलं. पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा आणि पाच मिनिटं बोलू नका, असं नर्सबाई म्हणाल्या. यातलं शेवटचं माझ्या जिवावर आलं. दंडाला पट्टा आवळला, यंत्र घुरघुरलं आणि नर्सबाईंचा चेहरा बघून मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्यांनी दुसरं आणलं, तेही बिघडलेलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडचंही बिघडलेलं निघालं, तेव्हा यंत्रांना दोष देणं सोडलं.

तरी मी त्यांना ऐकवलंच की मला काही होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, बटाट्याचं पोतं एकटी जिना चढवते. ते म्हणाले, "तेच तर वाईट आहे, बाई. काही होत नाही म्हणून कुणी तपासत नाही, आणि होतं तेव्हा उशीर झालेला असतो." मग रोज गोळी, बरं वाटलं तरी ती बंद करायची नाही, रोज चालायचं आणि मीठ कमी. किती कमी ते ऐकून मी उठलेच होते, तुझ्या दाजींनी हाताला धरून बसवलं. घरी येऊन त्यांनी मिठाची बरणी कपाटात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली पाकिटात ठेवली. इतक्या वर्षांत माझ्या पगाराला त्यांनी कधी कुलूप लावलं नाही, पण मिठाला लावलं.

सुरुवातीला जेवताना रडायचंच काय ते बाकी होतं. मग हळूहळू जीभ निवळली. गाजर गोड लागायला लागलं, आणि घोटाळा तिथेच झाला. कॅन्टीनचं सूप चाखलं की मला खारट लागायचं, मी आणखी मीठ कमी करायचे. लोक बिचारे माना खाली घालून जेवत होते. एके दुपारी पाहते तर फोरमन खिशातून मिठाची पुडी काढून सूपमध्ये टाकतोय आणि ती पुडी टेबलभर फिरतेय. माझ्या हाताला चव नाही असं म्हणायची आजवर कुणाची छाती नव्हती, छोट्या. मॅनेजरनी बोलावलं आणि महिनाअखेरपर्यंत चव सुधारा म्हणाले, नाहीतर दुसरी बाई बघणार. म्हणून तू ये आणि चव बघ. तुझी जीभ अजून बाबांसारखी आहे, मूठभर मीठ पडलं तरी बेताचं म्हणणारी.

बाबांचं नाव लिहिलं आणि हात थांबला. वरचा धोका खोटा आहे रे. भांडी घासणाऱ्या मावशींना मी चव बघायला केव्हाच नेमलंय आणि मॅनेजर खूश आहेत. तपासायला ये म्हटलं तर तू आला नसतास, पण मला स्वयंपाक शिकवायला धावत आला असतास, आणि मी तुला नर्सबाईंच्या खुर्चीत बसवणार होते. आता ती हुशारी करवत नाही. बाबांनाही काही होत नव्हतं. आपल्या बेकरीत माझ्या वेड्यावाकड्या पावाला हसता हसता ते भट्टीपाशी कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. हे घराण्यात उतरतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला माझी नाही, तुझी भीती वाटली. इकडे येऊ नकोस, उद्या तिथल्याच दवाखान्यात जा. आकडा काहीही येऊ दे, त्यावर औषध आहे, मी चिडणार नाही. पण मोजलाच नाहीस, तर इथून पुढे माझा जितका वाढेल तितका तुझ्या नावावर.

वाट बघणारी,
तुझीच ताई