शिशाचा डाग

आबा, तुमचं दुखणं आईच्या पायात आलं. भात निसवायला लागला होता तेव्हाची गोष्ट. शेजारच्या मावशीचा हॉटेलात फोन आला, "तुझी आय भितीला टेकून बसलीया, पाय टेकवंना." मी हातातलं काम दुसरीवर टाकलं आणि लोणावळ्याहून मिळाली ती लोकल धरून कान्ह्याला उतरले. आई उशीवर पाय ठेवून बसली होती. वारंसुद्धा अंगठ्याला लागू नये म्हणून तिनं पंखा बंद केला होता आणि घामानं निथळत होती. उजव्या अंगठ्याचं मूळ लाल, तुकतुकीत झालेलं. मी वाकले तशी ती म्हणाली, "हात लावू नको." तो आवाज माझ्या ओळखीचा होता. तुम्ही अगदी असंच म्हणायचात.

तेव्हा तुम्ही सुदुंबऱ्याकडच्या माळावर एका शेडमध्ये कामाला होतात. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं, त्याच्या विटा पाडायच्या. ती शेड कधीच बंद पडली, आता तिथं कुणाचं तरी गोदाम आहे. संध्याकाळी टेम्पोतून उतरायचात तेव्हा तुमच्या भुवयांवर राखाडी पूड बसलेली असायची. आई तुमचे कपडे अंगणात झटकायची, मग भिजत घालायची. पन्नाशी उलटली आणि तुमचा अंगठा धरायला लागला. चादरीचं टोकही पायाला सहन व्हायचं नाही. आज हॉटेलात चादरींच्या थप्प्या मोजताना कधीकधी एखादी हातात घेते आणि वाटतं, एवढीशी ही, हिचाही भार व्हावा?

कामशेतच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि युरिक अॅसिड वाढलंय म्हणाले. मी तुमच्याबरोबर आले होते. "मटण कमी करा, आणि दारू तर पूर्ण बंद." तुम्ही म्हणालात, "दारू म्या कदी घेतली न्हाई." ते हसले. "सगळे असंच म्हणतात, आबा." तुम्ही वाद घातला नाहीत. पण गोष्ट गावभर झाली. विहारात तुम्ही सगळ्यांच्या पुढं बसून खणखणीत आवाजात वंदना म्हणायचात. त्यानंतर पाचवं, दारू न पिण्याचं शील म्हणायची वेळ आली की मागचे काहीजण एकमेकांकडे बघायचे. तुम्हाला ते पाठीमागूनही कळत असणार, कारण हळूहळू तुमचा आवाज उतरला आणि मग तुम्ही मागं, दाराशी बसायला लागलात.

स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ मला अजून दिसते. आई भाकरी थापतेय. तुम्ही भिंत धरत, लंगडत आत येता. आई उठते आणि पिठाच्या हातांनी तुमच्यासमोर उभी राहते. "तोंड उघडा." तुम्ही तिच्याकडे बघत राहता. मग, ती ठेंगणी म्हणून, तुम्ही वाकता आणि तिच्या चेहऱ्यावर श्वास सोडता. तव्यावरची भाकरी करपते. आई पुन्हा परातीशी बसते. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, पण विश्वास बसला असंही तिच्या तोंडून कधी आलं नाही. पुढं तुमच्या किडन्या गेल्या आणि तुम्हीही गेलात. लोक म्हणाले, दारूनंच नेलं.

म्हणून आईचा पाय बघून मी एक दिवसही घालवला नाही. तिला लोणावळ्याला आणलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि खाण्यापिण्याआधी भलतंच विचारलं. "आजी, बॅटरी, रंग, धातू असलं काही काम केलंय का?" आई म्हणाली, "म्या जलमभर भात लावला, बाई." मी तुमचं काम सांगितलं, आई तुमचे कपडे धुवायची ते सांगितलं, तुमच्या पायाचंही सांगितलं. त्यांनी लिहायचं थांबवलं. युरिक अॅसिडबरोबर आईचं रक्त शिशासाठीही तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा मला एकटीला आत बोलावलं. शिसं हाडांत जाऊन बसतं, त्या म्हणाल्या, आणि उतारवयात हाडं झिजायला लागली की पुन्हा रक्तात उतरतं. त्यानं किडनी मंदावते, मग युरिक अॅसिड बाहेर जायचं राहतं आणि सांध्यात साचतं. आईची किडनी अजून हातात आहे, पण ताण दिसतोय. "कपडे धुतले त्याला खूप वर्षं झाली. आजही रक्तात एवढं निघतंय म्हणजे घरात अजून काहीतरी आहे. लवकर शोधा."

मी रजा टाकली आणि घर पालथं घातलं. दाराचा जुना रंग बघितला, मसाल्याचे डबे हुंगले, वैदूकडून आणलेल्या पुड्या पिशवीत भरल्या. आई ओरडत होती, "चोर शोधतीस का काय?" काय शोधतेय ते मलाच धड ठाऊक नव्हतं. दिसत नाही, वास येत नाही, चव नाही. आणि जोवर सापडत नाही तोवर ते तिच्या पोटात जातच होतं. दुपारी ती म्हणाली, "पाणी दे. हंड्यातलं." हंडा तळाला गेला होता. मी वाकून गडू बुडवला आणि बोटांना खाली तांब्याऐवजी काहीतरी मऊसर, खडबडीत लागलं. मी तशीच वाकून राहिले. तुम्ही दिलेला डाग होता तो.

आईच्या माहेरचा हा हंडा बुडाशी चिरला होता. ती मोडीत घालायला निघाली तेव्हा तुम्ही खिशातून शिशाचा तुकडा काढलात, स्टोव्हवर लोखंडी पळीत वितळवलात आणि चिरेत ओतून, चिंधीनं पुसून हंडा तिच्यापुढं ठेवलात. तिनं पाणी भरलं, खाली हात फिरवला, हात कोरडा निघाला. तिला तसं हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही. तुम्ही गेल्यावर तिनं माठ शेजारणीला देऊन टाकला. तेव्हापासून ती प्यायचं पाणी त्या हंड्यातच ठेवते.

मी बाटलीभर पाणी तपासायला दिलं आणि तिला बजावलं, यातलं पिऊ नको. ती हो म्हणाली. मावशीला फोन केला तर कळलं, रोज त्यातलंच पितेय. पाण्याचा अहवाल आला. शिसं होतं, प्यायच्या पाण्यात चालेल त्याच्या कितीतरी वर. मी तशीच कान्ह्याला गेले. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यांनी माझ्यासाठी बशीवलाय त्यो डाग," ती म्हणाली. "त्यात इख हाय म्हंतीस?"

"त्यांना ठाऊक नव्हतं, आई."

"मग त्यास्नी दोस कशाला देतीस?"

"दोष कुणी देत नाही."

"देतीस की. मला त्यांनी इख पाजलं म्हन की." ती उठली, पाय घासत हंड्यापाशी गेली, गडू भरला आणि माझ्याकडे बघत तोंडाला लावायला निघाली. मी तिचं मनगट धरलं. आबा, आईचा हात असा मी कधी धरला नव्हता. तिनं ओढला, मी सोडला नाही. पाणी दोघींच्या लुगड्या-साडीवर सांडलं. ती धापा टाकत खाली बसली, मी तिच्याजवळ बसले.

मग तिनं विचारलं, "त्यांचा पाय बी शिशानंच व्हता का?"

मी तिच्याकडे बघितलं.

"म्या एकदा त्यांच्या तोंडाचा वास घेतला व्हता. तू हितंच व्हतीस."

"होते."

"वास आला नव्हता. तरीबी म्या तसं बोलले न्हाई. वाटलं, लपवत असतील कायतरी. मानूस मरस्तवर वाट बघत व्हतं, मी कवा बोलतीया म्हनून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नीट सांग. शिशानंच का?"

"हो," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाल्या. शिशानंच."

तिनं मान हलवली. हंड्यातलं पाणी स्वतःच्या हातानं मोरीत ओतलं आणि तो माझ्याकडे सरकवला. "मग ने ह्यो. आन पुन्यांदा माझ्या नदरंला पाडू नको."

आता ती स्टीलच्या पिंपातलं पाणी पिते, गोळ्या वेळेवर घेते. पुढच्या तपासणीत शिसं उतरलेलं दिसलं. किडनी आहे तिथंच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, या वयात एवढंही खूप झालं. अंगठा अधूनमधून ठणकतो, पण पुन्हा तसा सुजला नाही. बुद्धपौर्णिमेला मी तिला विहारात नेलं. वंदना झाल्यावर ती सगळ्यांसमोर उभी राहिली, कधी चार माणसांत न बोललेली बाई, आणि म्हणाली, "आमचं मालक दारू घेत नव्हतं. त्यांचा पाय त्या शेडमधल्या शिशानं गेला. डॉक्टरनी सांगितलंय." तेव्हा एकमेकांकडे बघणाऱ्यांपैकी जे उरलेत ते माना खाली घालून बसले. एकजण उठून आईच्या पाया पडला. आई त्या दिवसापासून पुढं बसते, तुम्ही बसायचात तिथं.

हे सगळं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. ते पाठवायला काही जागा नाही, आणि आईला वाचता येत नाही ते बरंच आहे. डॉक्टरीणबाई तसं म्हणाल्या नव्हत्या, आबा. मी तुमच्याबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "असू शकतं. पण त्यांचं रक्त त्यासाठी कुणी तपासलंच नाही. आता खात्रीनं कोण सांगणार?" आईला मी खात्रीनं सांगितलं.